डावीकडं जागा सोडून

(शिरूर. बाजारपेठेतल्या बोळातला सोपानरावांचा फोटो स्टुडिओ, दुपार. दौंडहून आलेले दानिएल, रेल्वेचे निवृत्त गार्ड, आणि पुण्याहून आलेली त्यांची मुलगी क्रिस्टीना. काउंटरवर तीन कॅमेरे.)

सोपानराव : धरा की, जावईबापू. लाजू नका. नवरीसारखं नुसतं बघत काय बसलाय?

दानिएल : जड आहे.

सोपानराव : जड म्हंजी दमदार. निम्म्या तालुक्याची लग्नं मारलीत म्या ह्याच्यावर. हलका कॅमेरा आन् हलका माणूस, दोन्हीचा भरवसा न्हाई.

क्रिस्टीना : सोपानमामा, पप्पांना बोटीवर जायचंय, लग्न लावायला नाही. गळ्यात हे धूड अडकवून ते जिने कसे चढतील?

सोपानराव : बोटीला जिनं असत्यात?

क्रिस्टीना : दहाबारा मजले असतात. लिफ्ट असते, पोहायचा तलाव असतो.

सोपानराव : समुद्रात नेऊन पुन्हा तलावात पवायचं? ही बोट न्हाई ताई, हिंजवडीची बिल्डिंग पाण्यात सोडलीय कुणीतरी.

दानिएल : लहान दाखवा एखादा. महाग नको. मी शिकाऊ माणूस आहे.

क्रिस्टीना : मी तर म्हणते, काहीच दाखवू नका. खिशात फोन आहे त्यांच्या, मीच दिलाय. त्यात छान फोटो येतात. आणि कॅमेराच हवा होता तर पुण्यात मिळाला असता, माझ्या घरासमोर. दौंडहून चौफुला, चौफुल्याहून न्हावरा, असं एसट्या बदलत शिरूरला कॅमेरा घ्यायला कोण येतं, पप्पा?

दानिएल : आलो ना.

क्रिस्टीना : तेच विचारतेय. का?

दानिएल : सोपानराव ओळखीचे आहेत.

सोपानराव : व्हय तर. प्रेमाताई शिरूरची लेक, म्हंजी ह्ये आख्ख्या शिरूरचं जावई. आन् वळखीचं दुकान बरं असतं. बिघडला तर शिव्या द्यायला माणूस समोर पायजे का न्हाई?

क्रिस्टीना : आणि फोन?

दानिएल : फोनला माझं बोट लागत नाही.

क्रिस्टीना : लागतं. तुम्ही फार जोरात दाबता.

दानिएल : उभा जन्म झेंडा आणि ब्रेकचं चाक धरलेली बोटं आहेत. त्या काचेला कळतच नाही की कोणी हात लावलाय. मला बटण पाहिजे. दाबलं की दाबलंय असं कळणारं.

सोपानराव : बराबर. मग ह्यो बघा, केशरी. पाण्यात पडला तरी काय व्हत न्हाई त्याला. दाखवू ग्लासात बुडवून?

दानिएल : नको, नको.

सोपानराव : न्हाई, न्हाई, बघाच तुम्ही...

क्रिस्टीना : मामा, ते तुमचं प्यायचं पाणी आहे.

दानिएल : मला पाण्यातले मासे नको आहेत. पाण्यावरचं पाहिजे. तो तिसरा काय आहे?

सोपानराव : त्यो माझ्या भाच्याचा. दुबईला व्हता, तिकडनं आणला, हौस फिटली आन् माझ्या गळ्यात टाकला. सेकंडहँड, पण ओरखडाबी न्हाई. आता कंपन्या काढत न्हाईत असलं फारसं. समदी दुनिया फोनवर गेली.

क्रिस्टीना : बघू. झूम चांगला आहे. आणि याला डोळा लावायची खिडकी आहे, हे बरं झालं. मी वाचलं होतं, डेकवर उन्हात मागची स्क्रीन दिसत नाही, नुसतं आपलंच तोंड दिसतं त्यात.

सोपानराव : वाचून आलाय व्हय! मग मला कशाला बोलाया लावता?

क्रिस्टीना : वाचण्यापुरतंच येतं मला. पप्पा, हात धरा बघू. थरथरतोय.

दानिएल : थरथरत नाही. चहा राहिलाय.

सोपानराव : थरथरला तरी ह्यो सांभाळून घेतो. आतलं भिंग आपसूक हलतं. मनगटात दोरी अडकवायची, म्हंजी वाऱ्यानं गेला न्हाई. आन् रातच्याला खोलीत आल्यावर फडक्यानं पुसायचा. खारी हवा लई चिकट.

दानिएल : याला ते असतं का... आपण लावून ठेवायचं आणि जाऊन उभं राहायचं?

सोपानराव : टायमर. असतो की. हे बटण, मग हे. लाल दिवा लुकलुकत ऱ्हातो, तवर आपण जाऊन उभं राहायचं.

क्रिस्टीना : टायमर कशाला, पप्पा? मी आहे ना. तुमचे फोटो मी काढीन.

दानिएल : तू नको.

क्रिस्टीना : मी नको?

दानिएल : म्हणजे... तू फीर. तू बघ. तुझी कामं असतात.

क्रिस्टीना : बोटीवर माझी काय कामं असणार? बरं, मी नाही तर तिथल्या कोणाला सांगू. पेन्शनर मंडळाची पंधरावीस माणसं आहेत आपल्यासोबत. कोणीही काढेल.

दानिएल : कोणीच नको. लोक मधोमध उभं करतात.

क्रिस्टीना : मग? मधोमध उभं राहिलं तर काय होतं?

दानिएल : मला कडेला उभं राहायचंय.

सोपानराव : अरे, चहा ऱ्हायलाच की! पाव्हणं आलं आन् चहा न्हाई, प्रेमाताई वरनं बघत असंल तर मला फाडून खाईल. थांबा, सांगतो.

दानिएल : मी सांगून येतो. बसून पाय आखडले. तोपर्यंत बॅटरी भरायला लावा त्याची.

सोपानराव : सावकाश. खालची पायरी फुटलीय, जावईबापू! गेलं बघा. चाल अजून गार्डाचीच हाय. डुलत डुलत.

क्रिस्टीना : मामा, ते मला टाळतात.

सोपानराव : न्हाई ओ.

क्रिस्टीना : टाळतात. मी ओळखते. ही बोट आईने ठरवली होती. मुंबईवरून निघते, गोव्याला थांबते, मग लक्षद्वीपपर्यंत नुसतं पाणी. मंडळाच्या बैठकीत पहिला हात तिने वर केला होता. ती गेली, तर मंडळाचे लोक म्हणाले, पैसे बुडवू नका, तिच्या जागी मुलीचं नाव घालतो. मला ते नकोसं वाटलं. तिच्या पलंगावर झोपायचं, तिच्या खिडकीतून बघायचं. मग वाटलं, जाऊ या. निदान पप्पा बोलतील. दौंडच्या घरात ते बोलत नाहीत. फोनवर आम्ही ‘जेवलात का’ आणि ‘पाणी आलं का’ एवढंच बोलतो. पाणी आलं असलं की संपलं बोलणं.

सोपानराव : पुरुषाचं असंच असतं. आतल्या आत.

क्रिस्टीना : मागच्या रविवारी गेले तर भिंतीवरचा त्यांच्या लग्नाचा फोटोही काढून टाकलेला. नुसता खिळा, आणि खाली रंगाचा उजळ चौकोन. मी विचारलं नाही. म्हटलं, बघवत नसेल.

सोपानराव : ...ताई, आधी ह्ये घ्या. कवापास्नं लाजंनं फोन केला न्हाई तुमास्नी. फडकं काढून बघा, प्रेमाताईचा फोटू हाय.

क्रिस्टीना : कुंकू पुसलंत?

सोपानराव : पुसलं. देवाशपथ, तवा मुद्दाम न्हवतं केलं. आमच्यात बाई नवऱ्याच्या आधी गेली की सवाष्ण गेली म्हणत्यात. हिरवी साडी, कपाळभर कुकू. कॉम्प्युटरात तयारच असतंय त्ये, फकस्त तोंड बसवायचं. हात आपसूक गेला. प्रेमाताईला जन्मात कुकू लावल्यालं बघितलं न्हाई म्या, आन् तरी लावलं.

क्रिस्टीना : चर्चमध्ये शवपेटीजवळ ठेवायला नेला होता मी तो. वरचा कागद तिथंच काढला. पाळकसाहेब एकदा फोटोकडं बघतात, एकदा माझ्याकडं. महिला मंडळाच्या बायका आपसांत बघायला लागल्या. मी तो भिंतीकडं तोंड करून ठेवला. सगळी उपासना आईने पाठ फिरवून ऐकली.

सोपानराव : मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं व्हतं.

क्रिस्टीना : आई असती तर हसली असती. म्हणाली असती, राहू द्या, शोभतंय मला.

सोपानराव : आता बरा झालाय न्हवं?

क्रिस्टीना : कुंकू गेलं. पण आठ्या पण गेल्या.

सोपानराव : जरा गुळगुळीत केलं. चांगलं दिसाया.

क्रिस्टीना : ही आईसारखी दिसणारी कोणीतरी बाई आहे, मामा. तुमची चूक नाही. मूळ फोटोच तसा होता. सहलीतला, तिसऱ्या रांगेतला, निम्मी आई पुढच्या रांगेतल्या सरूबाईंच्या अंबाड्यामागं. दुसरा नव्हताच. कॅमेरा दिसला की तिचा हात वर. ‘नको गं, नको गं.’ माझ्या फोनमध्ये आईच्या तळहाताचे फोटो आहेत नुसते. तळहातावरच्या रेषा मला तोंडपाठ आहेत. चेहरा मात्र हल्ली निसटायला लागलाय. सकाळी उठल्यावर जुळवावा लागतो. नाक आठवतं, मग हनुवटी, आणि डोळ्यांपर्यंत येईतो नाक गेलेलं असतं.

सोपानराव : एक फोटू हाय की. हात खाली असल्याला.

क्रिस्टीना : लग्नातला. सांगितलं ना, तो त्यांनी काढून ठेवला.

सोपानराव : काढून ठिवला न्हाई. त्यो हितं हाय. माझ्याकडं.

क्रिस्टीना : इथं?

सोपानराव : सांगू नका म्हनलं व्हतं त्यांनी. पण माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाई. ह्या खणात बघा. काच काढलीय, जपून.

क्रिस्टीना : हा... हा तुमच्याकडं कशाला?

सोपानराव : जोडायला.

क्रिस्टीना : कशाला जोडायला?

सोपानराव : आमच्या धंद्यातलं रोजचं काम हाय, ताई. पोरीचं लग्न असतं, बाप वारल्याला असतो, मग बापाला जुन्या फोटोतनं कापायचा आन् मांडवात आणून उभा करायचा. वडगाव रासाईच्या आक्काबाईचा नातू म्या आजोबाच्या मांडीवर बसवला. आजोबा पोर जन्मायच्या आधीच गेल्यालं. आक्काबाई फोटू बघून म्हणती, मांडी अवघडली असंल हो त्यांची, कवापास्नं बसल्यात.

क्रिस्टीना : आणि पप्पा?

सोपानराव : मागच्या पंधरवड्यात आलं, फोटू पिशवीत घालून. म्हनले, म्या बोटीवर एकटा उभा ऱ्हातो, डावीकडं जागा सोडून. तुम्ही तिथं हिला आणून उभी करा. आन् कॅमेरा असा द्या की मला कुणाला सांगायला नको.

क्रिस्टीना : कडेला उभं राहायचंय.

सोपानराव : व्हय. म्हनून म्या चहाचं काढलं मगा.

क्रिस्टीना : त्या मागच्या पडद्यावर जहाज आहे. लहानपणापासून हा फोटो बघतेय, मला वाटायचं ढग आहे.

सोपानराव : ढग? नगरच्या पेंटरकडनं रंगवून घेतला व्हता आबांनी, माझ्या वडलांनी. समुद्र, चंद्र, नारळीचं झाड आन् तीन धुराड्यांचं जहाज. निम्म्या शिरूरनं समुद्र बघितला त्यो ह्या दुकानात. तुमचं आईवडील चर्चमधनं थेट हितं आलं, नव्या कपड्यात. म्या दिवा धरून उभा. आबा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली. आन् प्रेमाताईचा हात वर. खाली घ्या म्हनलं की खाली, कापडाखाली गेलं की पुन्हा वर.

क्रिस्टीना : तेव्हापासून?

सोपानराव : तवापास्नं. मग आबा बाहेर आलं आन् म्हनलं, ताई, हात हालीवला की निरोप झाला. जहाज सुटंल आन् तुम्ही हितंच ऱ्हाल. तशी ती दचकली. हात खाली. आबा म्हनलं, बघा हिकडं, जहाज सुटतंय! आन् घेतला. बघा, वठ उघडं हायत. ती विचारत व्हती, कुठं जातंय.

क्रिस्टीना : तिने कधी सांगितलं नाही आम्हाला.

सोपानराव : जाताना मला म्हनली, खरं जहाज कुठनं सुटतं रं? मला काय ठावं. म्या म्हनलं, मुंबैवरनं सुटत असंल.

क्रिस्टीना : मुंबईवरूनच सुटतं.

सोपानराव : बराबर निघालं की मग.

क्रिस्टीना : पडदा आहे अजून?

सोपानराव : भावानं कांद्यावर झाकाया नेला एका पावसाळ्यात. सडला. जहाज कांद्यात बुडालं आमचं.

क्रिस्टीना : मामा, नका करू हे. खोटं असेल ते. ती तिथं नव्हती, नसणार. कपाळावरचं कुंकू तरी पुसता आलं. हे कसं पुसणार?

सोपानराव : म्या बी त्यांना सांगितलं, सोपं न्हाई. ह्ये बघा, बोट ठिवू नका फोटोवर, वरनंच बघा. प्रेमाताई जरा मागं उभी हाय. तिचा उजवा खांदा दिसतोय का?

क्रिस्टीना : नाही. पप्पांच्या मागं आहे.

सोपानराव : हां. त्यो फोटोत न्हाईच. जावईबापूंच्या कोटामागं हाय. तिला कापून काढली तर तेवढा खांदा तुटतो. दुसरीकडं कुठं उभीच करता येत न्हाई तिला. भिंतीपुढं न्हाई, देवळापुढं न्हाई, एकटी तर न्हाईच. एकाच ठिकाणी बसती ती. ह्यांच्या डाव्या अंगाला. म्हनून त्या सहलीच्या फोटोवर कुकवाचा घोटाळा झाला. ह्या फोटोतनं तिला एकटीला काढताच येत न्हाई.

क्रिस्टीना : पप्पांच्या कोटामागं.

सोपानराव : आलं वाटतं. पायरी जपा, जावईबापू!

दानिएल : तिन्ही कमी साखरेचे. सोपानराव, तुम्हाला साखर चालते का विचारायचं राहिलं. काय झालं?

सोपानराव : काय न्हाई. बॅटरी भरतीय.

दानिएल : फोटो वर कसा आला?

सोपानराव : ...चहा घ्या, निवंल.

दानिएल : सांगितलंत.

सोपानराव : म्या म्हनलं व्हतं तुमाला, मला सांगू नका काय.

क्रिस्टीना : पप्पा, मला का नाही सांगितलं?

दानिएल : तू हसली असतीस.

क्रिस्टीना : मी हसले असते?

दानिएल : नाहीतर रडली असतीस. दोन्ही मला बघायला जमत नाही.

क्रिस्टीना : या फोटोत आई बावीस वर्षांची आहे. तुम्ही बहात्तरचे. लोक म्हणतील, नात आहे का ही.

दानिएल : म्हणू देत. म्हातारा मी झालोय. ती कशाला होतेय आता?

सोपानराव : साडीचा प्रश्न न्हाई, ती तर पांढरीच.

दानिएल : आमच्यात नवरी पांढरंच नेसते.

सोपानराव : ठावं हाय. तवा आमची आई आबांना म्हनली व्हती, लग्नात पांढरं कसं काय? आबा म्हनलं, चांदणं हाय ना मागं पडद्यावर, त्याला शोभतंय.

क्रिस्टीना : मग बोटीवर फोटो काढून झाला की काय करणार होतात? घरी लावणार होतात? मी आल्यावर मला काय सांगणार होतात?

दानिएल : तेवढं ठरवलं नव्हतं.

क्रिस्टीना : पप्पा.

दानिएल : क्रिस्टी, मी मालगाडीचा गार्ड. शेवटच्या डब्यात बसून नोकरी केली. इंजिनातल्या माणसाला येणारं दिसतं. मला गेलेलं दिसायचं. स्टेशन गेलं की दिसणार, नदी गेली की दिसणार. तुझी आई चिडवायची, तुम्हाला सगळं गेल्यावर दिसतं म्हणून. मी ड्यूटीवरून यायचो तर ही शाळेत शिकवत असायची. ही यायची तर मी झोपलेलो, नाहीतर मनमाडला. मग रिटायर झालो, तेव्हा म्हणाली, बोटीवर जाऊ. बोटीत इंजिन आणि गार्ड एकाच डब्यात असतात.

क्रिस्टीना : असं म्हणाली?

दानिएल : तिला पुढच्या टोकाला उभं राहायचं होतं. मी म्हटलं, मागं बरं, वारा कमी. ती म्हणाली, एकदा तरी येणारं बघा. तेवढं एकदा उभं राहायचंय मला. पुढं. तिच्याजवळ.

सोपानराव : घ्या, चहा घ्या.

क्रिस्टीना : आणि मी?

दानिएल : तू काय?

क्रिस्टीना : तिकीट तिचं, पलंग तिचा, तिच्या नावाच्या जागी माझं नाव. आणि फोटोच्या वेळी मात्र मी बाहेर जाऊन फिरायचं.

दानिएल : तू समोर असतेस. समोर असलेल्या माणसाचा फोटो कशाला?

क्रिस्टीना : आईपण समोरच होती ना, पप्पा.

दानिएल : होती.

क्रिस्टीना : मलाही हवाय एक. तिच्यासोबत. माझ्याकडं तळहात आहेत नुसते.

दानिएल : पण तुला तर हे नको दिसतंय.

क्रिस्टीना : तुम्हाला नको म्हटलं नाही. मामांना म्हटलं, खोटं आहे म्हणून.

दानिएल : आहेच खोटं. तो पडदा खरा होता का? तिने त्याच्यावर पन्नास वर्षं काढली.

सोपानराव : पन्नासला कमी हायत जरा.

दानिएल : तुम्ही गप बसा.

सोपानराव : बसतो. पण एवढं सांगा, कंचा घेताय? न्हाई, म्हंजी तिघं बसवायची असतील तर त्यो केशरी न्हाई चालणार. त्यात कडंची माणसं वाकडी दिसत्यात. ह्यो भाच्याचाच घ्या.

क्रिस्टीना : यात तिघं मावतील?

सोपानराव : आरामात. समुद्र बी मावंल. आता नीट ऐका दोघंबी. कठड्यावर ठिवायचा न्हाई, वाऱ्यानं गेला तर माशांचं फोटू येतील. ही तीन पायांची घोडी घ्या, हिचं पाय वाकत्यात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळा. आन् उन्ह प्रेमाताईच्या अंगानं यायला पायजे.

क्रिस्टीना : म्हणजे?

सोपानराव : दिवा म्या तिकडनंच धरला व्हता न्हवं? तिच्या डाव्या गालावर उजेड हाय. तुमच्यावर उजवीकडनं उन्ह आलं तर कुणीबी सांगंल, ही बाई दुसऱ्याच दुपारची हाय.

दानिएल : ऊन उजवीकडून असलं तर?

सोपानराव : तर जहाज वळंस्तवर थांबायचं.

दानिएल : थांबू की. सिग्नल मिळेपर्यंत थांबायची सवय आहे.

क्रिस्टीना : आणि त्या बाईंचं काय करायचं? गुळगुळीत कपाळाच्या?

सोपानराव : ऱ्हाऊ द्या हितंच. मला अद्दल म्हनून. घ्या, भरली बॅटरी जरा. एकदा हितंच करून बघा, मला पडताळा येतो. त्या भिंतीला जावा. तिथंच असायचा पडदा.

दानिएल : इथं?

सोपानराव : अजून हिकडं. हां. ताई, तुम्ही त्यांच्या डाव्या अंगाला ऱ्हावा. प्रेमाताईच्या जागी. किती जागा लागती त्ये बघू.

क्रिस्टीना : इथं?

सोपानराव : जरा मागं. उजवा खांदा त्यांच्या मागं जाऊ द्या. तुमची उंची बी तेवढीच हाय की! जावईबापू, ध्यानात ठिवा. एवढी जागा सोडायची.

दानिएल : एवढीच?

सोपानराव : एवढीच.

दानिएल : मला वाटलं, जास्त लागेल.

सोपानराव : बटण तुम्ही दाबा, जावईबापू. शिकायचंय न्हवं? आधी हे, मग ते. दाबलं की कळंल.

दानिएल : कळलं. दिवा लागला.

सोपानराव : चला, चला, जागेवर! ताई, तुम्ही आता बाहेर या, जागा मोकळी करा.

दानिएल : थांब. बाहेर कशाला? या बाजूला ये. उजवीकडं.

क्रिस्टीना : मी आईपेक्षा मोठी दिसेन, पप्पा. दुपटीने.

दानिएल : दिस की. तिलाही बघू दे.

सोपानराव : ताई, हात! हात खाली घ्या!

क्रिस्टीना : अगं बाई. कळलंच नाही मला, कधी वर गेला.

सोपानराव : बघा हिकडं. जहाज सुटतंय!

दानिएल : जरा थांबा. डावा खांदा पुढं घेऊ द्या मला. तिचा मागं आहे.